ठाण्यात बसून जुळवलेला ९ एप्रिल १९४२

युद्धनौकांच्या इतिहासाकडे वळणारा माणूस बहुधा एखाद्या जहाजाच्या प्रेमात पडून येतो. बिस्मार्क, यामातो, एंटरप्राइझ. ‘यामातोचा अभ्यास करायचाय’ असं ठरतं, संगणकात फाइलींचा ढीग साचतो, त्यातल्या निम्म्या एकाच पुस्तकावरून उतरवलेल्या निघतात आणि काम तिथंच बसतं. म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या छोट्या गटात अख्खं जहाज कुणी घेत नाही, जहाजाचा एक दिवस घेतो. तो तासातासानं लागला, दोन्ही बाजूंच्या कागदांत बसला, की पुढचा दिवस.

इथं नमुना म्हणून घेतलाय ९ एप्रिल १९४२. त्या सकाळी ब्रिटिश विमानवाहू जहाज हर्मीस आणि तिच्यासोबतची ऑस्ट्रेलियन विनाशिका व्हँपायर लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआजवळ, जपानी डाइव्ह बॉम्बरांनी, म्हणजे झेप घेत खाली येऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी, बुडवली. हा दिवस घेण्याची कारणं व्यवहारी आहेत. मामला आपल्या समुद्रातला आहे. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते. ब्रिटिश आणि जपानी, दोन्ही बाजूंचे कागद शिल्लक आहेत. आणि हर्मीसचा सांगाडा कुठे पडलाय हे ठाऊक आहे, पाणबुडे तिथवर जातात. म्हणजे आपण नकाशावर काढलेली रेघ जिथं संपायला हवी ती जागा आधीच पक्की आहे. नवख्या माणसाला याहून चांगला सरावाचा दिवस नाही.

पहिला अडथळा नावाचा. ‘हर्मीस’ असं शोधलं की दोन जहाजं एकत्र येतात. १९४२ मध्ये बुडाली ती १९१८ च्या जानेवारीत बांधायला घेतलेली. दुसरी १९५९ मध्ये नौदलात आली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती आणि १२ मे १९८७ ला आपली ‘विराट’ झाली. गंमत अशी की ही दुसरी जून १९४४ मध्ये बांधायला घेतली तेव्हा तिचं नाव ‘एलिफंट’ होतं, त्यामुळे बांधणीचे सुरुवातीचे कागद हर्मीस म्हणून शोधून हाती लागत नाहीत. विक्रांतचंही तेच. १९५७ मध्ये भारतानं विकत घेईपर्यंत ती ‘हर्क्युलिस’ होती. अमेरिकेत तर बुडालेल्या जहाजांची नावं बांधत्या जहाजांना देण्याची रीतच पडली होती: लेक्सिंग्टन सीव्ही-१६ (सीव्ही ही विमानवाहू जहाजाच्या क्रमांकाची अमेरिकन खूण) आधी कॅबट होतं, यॉर्कटाउन सीव्ही-१० आधी बॉनहोम रिशार, हॉर्नेट सीव्ही-१२ आधी कियरसार्ज, वास्प सीव्ही-१८ आधी ओरिस्कनी. कामाच्या पहिल्याच पानावर जहाजाची सगळी नावं, क्रमांक आणि ते कोणत्या तारखेपासून लागू झाले हे लिहून ठेवावं. शोध नेहमी नाव अधिक क्रमांक अधिक वर्ष असा घ्यावा.

आता कागद. चार जातीचे कागद चार वेगळ्या कामांसाठी लिहिलेले असतात आणि ते एकमेकांत मिसळले की सगळं बिघडतं.

जहाजाची नोंदवही, म्हणजे लॉग, पहाऱ्यावरचा अधिकारी तासातासाला भरतो. ब्रिटिश लॉगमध्ये कापलेलं अंतर, दिशा, वारा, दृश्यमानता, समुद्राची स्थिती, हवेचा दाब असे रकाने असतात आणि सकाळी आठ, दुपारी बारा, रात्री आठ या वेळांची अक्षांश-रेखांशाची जागा. वाचायला रूक्ष. पण लिहिणाऱ्याला त्यात कुणावर छाप पाडायची नसते, म्हणून तो सर्वांत भरवशाचा. वॉर डायरी हा महिन्याचा गोषवारा, वरिष्ठांकडे पाठवायचा. लढाईचा अहवाल नंतर लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्याला पदक, बढती किंवा चौकशी यांपैकी काहीतरी समोर दिसत असतं. चौथा प्रकार हानीच्या अहवालाचा. तो जहाजबांधणी खात्याच्या इंजिनिअरांनी लिहिलेला: बॉम्ब कुठे शिरला, कोणत्या डेकवर फुटला, कोणता पंप बंद पडला. आमच्या मते चौघांत सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत जास्त शिकवणारा हाच. अमेरिकन जहाज फ्रँकलिनवर १९४५ च्या मार्चमध्ये लागलेल्या आगीचा हानी अहवाल, क्रमांक ५६, एकदा सावकाश वाचावा. विमानवाहू जहाजाला बॉम्बपेक्षा स्वतःच्याच पेट्रोलचं आणि रचून ठेवलेल्या दारूगोळ्याचं भय किती, ते त्यात पानोपानी दिसतं.

आणि जहाजाला झालेली सगळी हानी शत्रूनं केलेली नसते. ८ ऑगस्ट १९४४ ला ब्रिटिश बॅटलशिप व्हॅलियंट त्रिंकोमालीच्या तरंगत्या गोदीत असताना गोदीच मोडली. गोदी वर उचलताना टाक्यांतलं पाणी उपसण्याचा क्रम जहाजाच्या वजनाच्या वाटणीशी जुळला नाही, त्यात जहाजावर दारूगोळा भरलेलाच होता. गोदी मध्यावर मोडून बुडाली, व्हॅलियंटचे जहाज पुढे ढकलणारे आतले दोन पंखे आणि एक सुकाणू अडकलं. लढायांच्या याद्यांत हे सापडणार नाही, हानीच्या कागदांत सापडतं.

ब्रिटिश कागद लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मालिका पाठ असाव्यात, एडीएम ही अॅडमिरल्टीची, म्हणजे नौदल खात्याची, खूण: लॉग एडीएम ५३, दुसऱ्या महायुद्धाचे अहवाल आणि पत्रव्यवहार एडीएम १९९, नौदलाच्या अभ्यास-पुस्तिका एडीएम २३४, हानीचे अहवाल एडीएम २६७, विमान तुकड्यांच्या नोंदी एडीएम २०७. सूची घरबसल्या फुकट शोधता येते, पण या मालिकांतला बराचसा माल स्कॅन झालेला नाही. मग दोनच वाटा. एक, पूर्ण संदर्भ क्रमांक देऊन प्रतींची मागणी नोंदवायची. आधी पानं मोजण्याचे पैसे भरावे लागतात, मग अंदाज येतो, मग प्रती. दुसरी, तिकडे राहणाऱ्या कुणाला तरी गळ घालायची. वाचकपत्र काढलं की स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो घेऊ देतात. ठाण्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी लंडनला असतंच, ते इथं कामी येतं. मात्र त्याला ‘हर्मीसचं काय मिळेल ते आण’ असं सांगू नये. फाइलीचा क्रमांक, हवी ती तारीख, आणि ‘मुखपृष्ठापासून, एकही पान न गाळता, पानाचे चारही कोपरे दिसतील असा फोटो’ हे लिहून द्यावं. कोपऱ्यात पेन्सिलीनं केलेली नोंद आणि शिक्क्यावरची तारीख यांनी किती तरी वेळा मजकुराइतकंच काम केलेलं आहे.

इथं हर्मीसपुरती एक अडचण आहे. लॉग महिन्यागणिक वेगळ्या वहीत असतात. भरलेली वही किनाऱ्यावर जाते, चालू वही जहाजावर असते. बुडालेल्या जहाजाची शेवटची वही त्याच्याबरोबर तळाला. मार्चपर्यंतच्या वह्या शोधता येतात, ९ एप्रिलसाठी वाचलेल्यांचे जबाब, किनाऱ्यावरचे संदेश आणि शत्रूचे कागद यांवरच भिस्त. जबाब पाण्यातून निघाल्यावर लिहिलेले आहेत, घड्याळं भिजलेली आहेत, हे विसरू नये.

अमेरिकन कागद सर्वांत सोपे. वॉर डायऱ्या आणि लढाईचे अहवाल त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप ३८ मध्ये, डेक लॉग २४ मध्ये, जहाजबांधणी खात्याचे कागद १९ मध्ये. पैकी महायुद्धाच्या वॉर डायऱ्या सूचीतूनच फुकट उतरवता येतात. दोन गोष्टी मात्र नडतात. मायक्रोफिल्मवरून केलेले स्कॅन आणि त्यातही कार्बन कॉपी, त्यामुळे संगणकाचा शब्दशोध अर्धा आंधळा असतो, पानं डोळ्यांनीच वाचावी लागतात. आणि तारीख महिना आधी अशी लिहिलेली असते. ४/१/४५ म्हणजे एक एप्रिल, चार जानेवारी नव्हे. ओकिनावाची लढाई जानेवारीत सुरू करणारे लेख मराठीत वाचायला मिळतात ते यामुळेच.

आता खरं काम: वेळ. या छंदातल्या दहापैकी आठ भांडणांचं मूळ घड्याळात असतं, आणि वेळ जुळवल्याशिवाय नकाशाला हात लावू नये असा आमचा आग्रह आहे.

नौदलात पृथ्वीचे वेळपट्टे आकड्यांनी आणि अक्षरांनी ओळखले जातात. झेड म्हणजे ग्रिनिच. पूर्वेकडे ए पासून एम पर्यंत, मधला जे वगळून. पश्चिमेकडे एन पासून वाय पर्यंत. गोम चिन्हात आहे. मोबाइलमध्ये आपली वेळ ‘अधिक साडेपाच’ दिसते, पण नौदलाच्या रीतीत चिन्ह सांगतं ते जहाजाच्या वेळेवरून ग्रिनिच काढायला काय करायचं ते. म्हणून पूर्वेकडचे पट्टे उणे, पश्चिमेकडचे अधिक. ‘झोन उणे ९’ म्हणजे टोकियो. ‘झोन अधिक १२’ म्हणजे पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाच्या बाजूची, ग्रिनिचच्या बारा तास मागची वेळ. चिन्ह उलटं वाचलं की जून १९४२ मधली अमेरिका-जपानची मिडवेची लढाई एक अख्खा दिवस सरकते.

त्यात जपानी नौदल जगात कुठेही असलं तरी टोकियोच्या वेळेनं नोंदी ठेवी. पर्ल हार्बर अमेरिकन कागदांत ७ डिसेंबरला आहे, जपानी कागदांत ८ ला. मिडवेला तीन जपानी जहाजांवर बॉम्ब पडायला लागले ते तिथल्या ४ जूनच्या सकाळी १० वाजून २२ मिनिटांच्या सुमाराला. जपानी नोंदीत ते ५ जून, सकाळी ७ वाजून २२ मिनिटं होतं.

हर्मीससाठी हिशेब असा. लंकेत जानेवारी १९४२ पासून घड्याळं ग्रिनिचच्या सहा तास पुढे होती. भारतात तेव्हा साडेपाच तासच. पुढे १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतानं युद्धवेळ म्हणून साडेसहा तास धरले. त्यातून मुंबईत जुनी स्थानिक वेळही चालू होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढची. म्हणजे त्या काळातल्या मुंबईच्या बातमीत छापलेली ‘सकाळी दहा’ ही वेळ ताडून पाहिल्याशिवाय वापरायचीच नाही. ब्रिटिश बाजूनं हर्मीसवर हल्ला सुरू झाला १०:३५ ला, जहाज बुडालं १०:५५ च्या सुमाराला. सहा तास वजा करा: ग्रिनिच ४:३५ आणि ४:५५. नऊ मिळवा: टोकियो १३:३५ आणि १३:५५. जपानी विमानतुकड्यांच्या नोंदींत हल्ला याच वेळेभोवती बसतो. दोन शत्रूंच्या कागदांतली तीन तासांची तफावत अशी शून्यावर आली की पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

हे सगळं साध्या तक्त्यात करावं. पहिल्या रकान्यात कागदात आहे तशी वेळ, जशीच्या तशी, दुसऱ्यात पट्टा, तिसऱ्यात ग्रिनिच, चौथ्यात घटना, पाचव्यात फाइलीचा आणि पानाचा क्रमांक. मूळ वेळ पुसून तिथंच ग्रिनिच लिहिलं तर पट्टा चुकीचा धरला होता हे नंतर उमगूनही परत फिरता येत नाही.

जपानी कागदांची भीती बाळगू नये. जपान सेंटर फॉर एशियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स, ज्याला सगळे जकार म्हणतात, ते २००१ पासून हे कागद जगाला फुकट दाखवतं. संरक्षण खात्याच्या अभिलेखागारातल्या कागदांचा क्रमांक सी अक्षरानं सुरू होतो. शीर्षकं इंग्रजीत शोधता येतात, पण जहाजाचं नाव जपानी लिपीत टाकलं की जास्त हाती लागतं. ती चिन्हं एकदा वेगळ्या फाइलीत साठवून ठेवावीत आणि तिथून चिकटवावीत. वर्ष शोवा शकात असतं. त्यात १९२५ मिळवायचे, शोवा १७ म्हणजे १९४२. आपल्याला हवे असलेले कागद दोन: लढाईचा तपशीलवार अहवाल, आणि विमानतुकडीचा कृती-तक्ता. तक्त्यात वैमानिकाचं नाव, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, टाकलेले बॉम्ब, झालेलं नुकसान अशा चौकटी असतात. जपानी न येणाऱ्यालाही आकडे, वेळा आणि जहाजाच्या नावाची दोन चिन्हं एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. नडतात ती हातानं लिहिलेली, एकमेकांत वाहणारी अक्षरं. मोबाइलचं भाषांतर तिथं बिनधास्त खोटं सांगतं, त्यावर वाक्य उभं करू नये. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान्यांनी कागद मोठ्या प्रमाणावर जाळले, तेव्हा एखादी फाइल नसेल तर शोधत बसण्यात अर्थ नसतो.

या रूक्ष तक्त्यांनी काय होतं त्याचा मासला मिडवेचा. युद्धानंतर एका जपानी अधिकाऱ्याच्या आठवणींवरून जगभर पसरलं की अमेरिकन बॉम्बर आले तेव्हा जपानी डेकवर हल्ल्याची विमानं सज्ज उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळती तर निकाल फिरला असता. तक्ते काढून बसल्यावर दिसतं की त्याआधीच्या तासाभरात त्याच डेकांवरून रक्षणाची झिरो लढाऊ विमानं वरचेवर चढत-उतरत होती. उतरणारं विमान घ्यायचं तर डेक मागच्या बाजूनं मोकळा हवा. हल्ल्याची विमानं तिथंच मांडावी लागतात, आणि लिफ्टनं वर आणून मांडायला अर्धा-पाऊण तास जातो. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. रंगतदार पाच मिनिटं तिथंच गळतात.

कुणाकडे काय होतं याची यादीही अशीच तपासून घ्यावी. हिंदी महासागरात आलेल्या जपानी अॅडमिरल नागुमोच्या ताफ्यात सहा विमानवाहू जहाजं होती असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. पाच होती: अकागी, हिर्यू, सोर्यू, शोकाकू, झुईकाकू. सहावं कागा फेब्रुवारीत पलाऊजवळ खडकाला घासून दुरुस्तीला गेलं होतं. आणि हर्मीसच्या डेकवर त्या सकाळी लढायला विमानंच नव्हती, तिची सोर्डफिश विमानं किनाऱ्यावर राहिली होती. एवढं कळलं की ‘हर्मीसनं प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न आपोआप मिटतो.

वेळ बसली की नकाशा. क्यूजीआयएस ही नकाशे काढायची संगणकप्रणाली फुकट आहे, मराठी माणसाला तेवढं पुरे. सर्वांत जास्त दिसणारी चूक अंश-कलांची. ७ अंश ३५ कला हे दशांशात ७.५८३ होतं, ७.३५ नव्हे. ७.३५ टाकलं की बिंदू दक्षिणेला १४ सागरी मैल, म्हणजे जवळपास २६ किलोमीटर सरकतो. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, हे धरून कोणतीही जागा पट्टीनं तपासता येते. मग वेगाची कसोटी. सहा मिनिटांत जहाज किती जातं ते काढायला नॉटमधला (तासाला इतके सागरी मैल) वेग भागिले दहा: २० नॉटला दोन सागरी मैल. दोन नोंदलेल्या जागा जोडायला जहाजाला ३५ नॉटनं पळावं लागत असेल आणि त्याची कमाल मजल २५ ची असेल, तर एक तरी जागा किंवा एक तरी वेळ चुकीची आहे. विमानातून कळवलेल्या जागांवर तर पहिल्यापासूनच संशय धरावा. खाली खूण नसलेल्या समुद्रावर तासन् तास उडून वैमानिकानं अंदाजानं काढलेली जागा असते ती. विमानवाहू जहाजाची रेघ सरळ येत नाही याचंही कारण वेगळं नाही: विमानं सोडताना-घेताना त्याला वाऱ्याच्या तोंडाला वळावं लागतं. लॉगमधला वाऱ्याचा रकाना तेव्हा उपयोगी पडतो. रेघेतला प्रत्येक वाकडा कोपरा वाऱ्याच्या दिशेशी जुळवून पाहावा.

आकड्यांबाबत थोडक्यात. पाडलेल्या विमानांचा दावा करणाऱ्याचा आकडा कधीच घेऊ नये, गमावणाऱ्याचा घ्यावा. ५ एप्रिलला कोलंबोवर झालेल्या जपानी हल्ल्यात ब्रिटिशांनी वीसच्या आसपास विमानं पाडल्याचं जाहीर केलं, जपानी नोंदींत गेलेली सात आहेत. यात खोटेपणा शोधायची गरज नसते. एकाच जळत्या विमानावर चौघांनी गोळ्या झाडल्या की चौघे ते आपलं मानतात. माणसांच्या संख्येला बेरजेची कसोटी लावावी. त्याच दिवशी बुडालेल्या डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या ब्रिटिश क्रूझरांवरचे ४२४ गेले, १,१२२ जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचललं. बेरीज १,५४६. दोन्ही जहाजांवर त्या दिवशी किती माणसं होती याच्याशी ही बेरीज जुळली तर आकडा ठेवावा. टनाचं त्रांगडं निराळं. ब्रिटिश टन १,०१६ किलोचा. ‘स्टँडर्ड’ वजन म्हणजे १९२२ च्या वॉशिंग्टन कराराप्रमाणे इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी सोडून. त्यात खोटंही चालायचं: बिस्मार्क ३५,००० टनांची म्हणून जाहीर होती, होती ४१,००० च्या वर; यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफा कागदावर ४० च्या होत्या.

आराखड्यांचं काम अनेकांना सर्वांत आवडतं, आणि तिथंच पैसे वाया जातात. ब्रिटिश जहाजांचे ‘बांधलं तसं’ आराखडे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहेत. नंतरचे बदल त्यांवर वेगळ्या रंगाच्या शाईनं काढलेले असतात, म्हणून प्रत रंगीतच मागवावी. काळ्या-पांढऱ्या प्रतीत १९४० आणि १९४४ ची जहाजं एकमेकांवर चढलेली दिसतात. फुटाला एक अष्टमांश इंच ही प्रचलित पट्टी, म्हणजे १:९६. विक्रांतच्या लांबीचं, ७०० फुटांचं जहाज त्या मापात २ मीटर २२ सेंटिमीटर होतं. ए-झिरो कागद ११८.९ सेंटिमीटरचा, त्यावर मावत नाही. १:१९२ केलं तर मावतं. पूर्ण माप हवंच असेल तर सीबीडी बेलापूर किंवा ठाणे स्टेशनच्या बाजूला आर्किटेक्टांचे नकाशे छापणारी दुकानं आहेत, त्यांच्याकडे ३६ इंची रोल असतो, लांबीला मर्यादा नाही. दुकानदाराला ‘फिट टू पेज’ काढून टाका, शंभर टक्क्यांवर छापा, असं समोर उभं राहून सांगावं; सवयीनं तो बटण दाबतोच. छापल्यावर आराखड्यावरची मापपट्टी दोन्ही टोकांना आणि उभी-आडवी दोन्हीकडे मोजावी. मूळ कागद ऐंशी वर्षांत सारखा आक्रसलेला नसतो, लांबी आणि रुंदीत फरक एकसारखा येत नाही. घोडबंदर रोडच्या घरात जुलैमध्ये भिंतीला लावलेला साधा कागदही सर्दावून वाढतो, मापं घ्यायची ती पावसाळ्याआधी घ्यावीत.

हानीचा अहवाल आराखड्यावर मांडताना एक खबरदारी. अमेरिकन जहाजात फ्रेमचे, म्हणजे सांगाड्याच्या बरगड्यांचे, क्रमांक नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) मागे मोजतात, जर्मन जहाजात मागून पुढे. बिस्मार्कचे कप्पे तर एक ते बावीस असे मागून मोजलेले आहेत. हे उलटं धरलं की सुकाणूजवळचा टॉर्पेडो नाळेवर येतो.

फोटोंवर फार वेळ घालवत नाही. फोटोखालची तारीख पुष्कळदा तो सेन्सॉरकडून सुटल्याची असते, काढल्याची नव्हे, आणि रडारचे अँटेना खरडून काढलेले असतात. विमानांवरच्या खुणा जास्त खरं सांगतात. अमेरिकन ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये गेला. ताऱ्याच्या बाजूच्या पट्ट्या आणि लाल किनार जून १९४३ च्या अखेरीस आली, आणि काही महिन्यांतच ती किनार निळी झाली. म्हणजे लाल किनारीचा फोटो मिळाला तर तारीख एका उन्हाळ्यात बंदिस्त झाली. आपल्या बाजूच्या समुद्रात ब्रिटिशांनीही जपानी सूर्याशी गल्लत नको म्हणून गोलातला लाल रंग काढला होता.

परदेशी कागदांत इतकं बुडाल्यावर विक्रांतकडे वळलं की कागदांचं दारिद्र्य जाणवतं. १४ ऑक्टोबर १९४३ ला बांधणी सुरू, २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात, पुढच्या वर्षी काम थांबलं, बेलफास्टला पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ ला नौदलात, ३ नोव्हेंबर १९६१ ला मुंबईत. इथवर ब्रिटिश कागद साथ देतात. पुढचं वृत्तपत्रांत शोधावं लागतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करावी. ते १८९३ चं आहे. कोणतं वर्तमानपत्र केव्हा सुरू झालं ते आधी पाहावं: लोकसत्ता १९४८ चं, महाराष्ट्र टाइम्स जून १९६२ चं, म्हणजे विक्रांतच्या आगमनाला त्याचा उपयोग नाही, १९६५ आणि १९७१ ला आहे. युद्धकाळातल्या बातम्या सेन्सॉरखालून आलेल्या असतात, त्यांतून जहाजाची जागा काढायला जाऊ नये. सभा, मिरवणुका, निधी, काळोखाचे हुकूम यांसाठी त्या उत्तम. मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली. तिथं नेमका प्रश्न घेऊन जावं.

राहिली माणसं. गोदीत आणि नौदलात नोकरी करून निवृत्त झालेले कितीतरी जण ठाणे, कळवा, नेरूळ, वाशीत राहतात. त्यांच्याकडे कागदात नसलेलं असतं, पण विचारायची पद्धत हवी. ‘काका, कोणत्या साली?’ हा वाया जाणारा प्रश्न. माणूस साल विसरतो, हाताखालचं यंत्र विसरत नाही. विक्रांतला चार बॉयलर आणि दोन टर्बाइन संच, ४०,००० अश्वशक्ती. १९७१ च्या आधी बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला तडे सापडले आणि युद्धात जहाज मर्यादित वेगानं चालवावं लागलं. त्याचा परिणाम थेट विमानांवर होता. डेकवरचा वारा म्हणजे जहाजाचा वेग अधिक समोरचा वारा. वेग कमी आणि बंगालच्या उपसागरात वारा पडलेला, म्हणजे जड अलिझे विमान कॅटापुल्टवरून, म्हणजे विमानाला झटक्यानं पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, सोडताना वजनाचा हिशेब दरवेळी नव्यानं करावा लागे. तेव्हा प्रश्न असे नेमके विचारावेत: ड्रमला तडा कोणत्या बाजूला दिसला, कशानं तपासला, पट्टी बांधली तर कुठे, दाब कितीवर धरायला सांगितला होता, त्या खोलीत जायला शिडी कुठून होती. सोबत आराखड्याची प्रत आणि पेन्सिल न्यावी आणि त्यांनाच खूण करायला सांगावं. बोलून सांगितलेलं आणि काढून दाखवलेलं जुळलं नाही तर आम्ही काढून दाखवलेलं धरतो.

सेवेतल्या जहाजांबद्दल, म्हणजे सप्टेंबर २०२२ ला नौदलात आलेल्या नव्या विक्रांतबद्दल कुणी ओघात काही बोललं तर ते लिहून घेऊ नये, रेकॉर्डिंग तिथं थांबवावं. जुन्या जहाजापुरतं बोलणं झालं की खूण केलेल्या प्रतीवर त्यांची सही आणि आजची तारीख घ्यावी, तीनशे डीपीआयला स्कॅन करावं, आणि फाइलीच्या नावात जहाज, वर्ष, आराखड्याचा क्रमांक आणि डेक घालावा, माणसाचं नाव नको; नावं वेगळ्या वहीत.